कापसाचा थर्मास: गव्हाच्या रात्रपाळीसाठी केलेली खटपट

१ डिसेंबर, रविवार

गहू उगवून वर आलाय. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत पहिलं पाणी द्यावंच लागतं, त्या वेळी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटतात. मळ्यातल्या मोटरला वीज देणाऱ्या आमच्या फीडरची लाईट आठवड्याआड रात्रीची असते आणि नेमकं पहिलं पाणी रात्रपाळीत येतंय. म्हणजे आप्पा रात्री दहाला मळ्यात जाणार, पहाटे सहाला परत.

चहाची अडचण दोन वर्षांपासूनची. आधी काचेचा थर्मास होता, तो बांधावरून घसरला आणि आतून नुसता खुळखुळ आवाज. मग स्टीलची व्हॅक्यूमवाली बाटली घेतली. ती मोटरसायकलवरून पडली, बुडाला पोचा आला, आणि त्या दिवसापासून चहा भरला की बाटली बाहेरून गरम लागायला लागली. आतली पोकळी गेली की ती बाटली साध्या लोट्यासारखीच. आणि ती दुरुस्त कोणी करत नाही.

म्हणून ठरवलं, पडलं तर घरी दुरुस्त होईल असं काहीतरी करायचं. घरात कवडी, म्हणजे डागाळलेला हलका कापूस पडलाय, तो व्यापारी धड भाव देऊन घेत नाही. पाइपलाइनचे पीव्हीसीचे तुकडे गोठ्यामागे आहेत. अमळनेरहून साधी एकपदरी स्टीलची बाटली आणली, ७५० मिलीची, २४० रुपये.

कोणाला हेच करायचं असेल तर आधी ८ आणि २४ डिसेंबरची नोंद वाचा.

३ डिसेंबर

आधी मोजायचं कशाने? घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर चहात बुडवलं. त्याने ‘एच’ दाखवलं आणि गप्प बसलं. ते ४२-४३ च्या पुढे जातच नाही, मला सुचायला हवं होतं. मग वायर आणि लांब सळई असलेलं स्वयंपाकाचं थर्मामीटर मागवलं, २८० रुपये.

तेही खरं दाखवतं का ते पाहिलं. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात २ दाखवलं, शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात १०१. आमच्याकडची उंची दोनशे मीटरच्या आतबाहेर, म्हणजे पाणी ९९ च्या थोडं वर उकळतं. दोन्हीकडे जवळपास २ जास्त. म्हणून इथून पुढचे सगळे आकडे २ वजा करून लिहिलेत.

संध्याकाळी उघड्या बाटलीची मोजणी. खोली २४ अंश. भरताना ९२. एका तासाने ६७, दोन तासांनी ५१, तीन तासांनी ४१, चौथ्याला ३५. पहिल्या तासात २५ अंश गेले आणि चौथ्यात फक्त ६. बाहेरच्या हवेशी जेवढा फरक जास्त तेवढी घसरण वेगात. म्हणून ‘पहिला तासभर चहा कडक होता’ या सांगण्याला काही अर्थ नसतो. चार तासांचा आकडा विचारावा.

७ डिसेंबर, शनिवार

पहिला नमुना. ११० मिमीचा पाइप २८ सेंटिमीटर कापला, खाली एंड कॅप (पाइपाचं टोक बंद करणारं टोपण) पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन लावून बसवली. वरच्या कॅपला भोक पाडून बाटलीचं तोंड बाहेर काढलं. मध्ये कापूस ठासला, वेचून आणलेला तसाच, सरकीसकट. हाताने जाईना म्हणून वेळूच्या काठीने कोंबला. तेव्हा वाटलं जितका जास्त कापूस तितकी जास्त ऊब.

दोन कॅप ९० रुपये, सोल्युशनची डबी ६०. वेळ तीन तास, त्यातला एक तास आरीने पाइप सरळ कापण्यात गेला. पाइपाभोवती कागद घट्ट गुंडाळून त्याच्या कडेने रेघ मारली असती तर दहा मिनिटांत झालं असतं. हे शेजारच्या प्लंबरने काम झाल्यावर सांगितलं.

८ डिसेंबर

काल रात्री आप्पा हाच घेऊन गेले. मी मोजायचा राहिलो होतो, उत्साहात तसाच दिला. दहाला भरला, एकला उघडला.

सकाळी आप्पांनी ओसरीवर पाइप ठेवला आणि म्हणाले, “चहा थंडा व्हई गया.” बस एवढंच. वर काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आज घरात मोजलं. २४ अंशाच्या खोलीत ९२ वरून चार तासांनी ३८. उघड्या बाटलीपेक्षा फक्त ३ अंश जास्त. तीन तासांची मेहनत, तीन अंश.

मग पुन्हा गरम पाणी भरलं आणि सगळीकडे हात लावून पाहिला. ही पद्धत थर्मामीटरपेक्षाही कामाची निघाली. पाइपाची बाजू कोमट होती, तिथे तक्रार नव्हती. पण वर बाहेर आलेल्या गळ्याला आणि झाकणाला बोट टेकवत नव्हतं. खालची एंड कॅपही तशीच चटका देणारी, कारण बाटली थेट तिच्यावर बसली होती. कॅपवर नख दाबलं तर खूण उमटली. पीव्हीसी साधारण ७५-८० अंशाला मऊ पडायला लागतं आणि मी त्यावर नव्वदचं पाणी ठेवलं होतं. उष्णता जाण्याचे मोठे रस्ते वरचा आणि खालचा, आणि मी सगळा जोर बाजूवर लावला होता.

दुसरी चूक सरकीची. पाइप उघडून पाहिला तर कापूस दगडासारखा ठासलेला आणि सरकीचे दाणे एकमेकांना टेकलेले. कापूस ऊब धरतो तो धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे, आणि मी ती हवाच काठीने बाहेर काढली होती. शिवाय सरकीच्या वासाने रात्रीतून उंदीर आला होता. वरच्या कॅपच्या भोकाशी कुरतडल्याच्या खुणा आहेत.

१० डिसेंबर

आज थोडी अब्रू गेली.

आजी थंडीत विरजण लावते तेव्हा भांडं गोधडीत गुंडाळून बाजरीच्या कोठीत ठेवते. तिने माझी बाटली उचलली, तशीच गुंडाळली आणि कोठीत ठेवून दिली. चार तासांनी मोजलं तर ५५. माझा पाइप ३८.

आजी म्हणाली, “तुन्ही नळीपेक्षा मन्ही गोधडी बरी.”

बरोबरच होतं. गोधडीत बाटलीचं तोंडही झाकलेलं, बूडही झाकलेलं, आणि जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर. कुठे उघडी जागाच नाही. पण कोठी मळ्यात नेता येत नाही, एवढाच माझा बचाव. इथून पुढे ५५ हा आकडा हरवायचा आहे.

१२ डिसेंबर

सरकी काढली. म्हणजे आजीने काढली, मी शेजारी बसून दोन मुठी केल्या आणि बोटं दुखायला लागली. किलोभर कापसातून जेमतेम साडेतीनशे ग्रॅम रुई निघते, बाकी सरकीच. रुई हाताने पिंजून मोकळी केली.

त्याच ११० च्या पाइपात हलक्या हाताने भरली. बाटलीखाली दोन सेंटिमीटर रुईची गादी. वर जुन्या लुगड्याच्या कापडाची रुई भरलेली उशी, ती सायकलच्या ट्यूबच्या रबराने पाइपावर घट्ट बांधलेली. भरताना ९२, चार तासांनी ५३.

३८ वरून ५३. सामान तेच, पाइप तोच, नवीन खर्च शून्य. तरी गोधडीपेक्षा २ कमी. या पाइपात बाटलीच्या बाजूने जेमतेम दीड सेंटिमीटर जागा आहे, तिच्यात आणखी काही होणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

दोन भानगडी एकाच दिवशी.

सकाळी थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यातले तुकडे कापून बाटलीभोवती बसवले. उकळतं पाणी भरलं तर बाटलीला टेकलेला भाग आक्रसला आणि स्टीलला चिकटला. थर्माकोल ऐंशीच्या आसपास तग धरत नाही. बाहेरच्या थराला चालेल, गरम भांड्याला टेकवू नका.

दुपारी स्प्रे फोमचा डबा, ४८० रुपये. नवीन बाटली आणली, आणखी २४०. दुसऱ्या तुकड्यात मधोमध ती उभी केली आणि भोवती डबा रिकामा केला. फोम फुगतो हे माहीत होतं, किती फुगतो ते माहीत नव्हतं. रात्रीतून तो पाइपाच्या वर येऊन तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखा बसला आणि बाटली दोन बोटं वर उचलली गेली.

१७ डिसेंबर

फोम वरून टणक, आत अजून चिकट. या डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्यावर वाळतो आणि बंद पाइपात ओलावा पोचतच नाही. डब्यावर ‘पृष्ठभाग ओला करा’ असं लिहिलेलं होतं, मी ते भिंतीसाठी असेल असं समजलो. आज आरीने पाइप उभा चिरला. बाटली निघाली, पण फोम तिच्यावरून निघेना. ॲसिटोनने ओला फोम निघतो, वाळलेला नाही. चहाच्या बाटलीला घासून घासून काय काय लावायचं, म्हणून ती टाकून दिली.

७२० रुपये आणि दोन दिवस गेले. ज्यांना फोमच वापरायचा असेल त्यांनी बाटलीला आधी प्लास्टिक गुंडाळावं आणि थोडा थोडा, तीन वेळा मारावा. मी परत हात लावणार नाही.

२० डिसेंबर

एका मित्राने सुचवलं, हवाच काढून टाक, खरा थर्मास तसाच असतो. बरोबर आहे. जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये लंडनला दोन भिंतींमधली हवा काढूनच बाटली बनवली होती, तीही चहासाठी नाही, अतिथंड द्रव वायू साठवायला. मी मोटरसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह उलटा बसवून मोठ्या सिरिंजने एक संध्याकाळ हवा ओढली. सांध्यांमधून सूं सूं आवाज येत राहिला.

आणि समजा सांधे टिकले असते तरी उपयोग नव्हता. हवा निम्मी काढली तरी तिच्यातून वाहणारी उष्णता जवळपास तेवढीच राहते. हजारांशाच्याही बऱ्याच खाली दाब गेला तरच फरक पडतो. सिरिंजचं काम नाही ते. सोडून दिलं.

२२ डिसेंबर, रविवार

मोठा पाइप. शेजारच्या काकांच्या विहिरीच्या कामातून उरलेला १६० मिमीचा तुकडा मिळाला, फुकट. त्याची एंड कॅप मात्र १४० रुपये. लांबी ३४ सेंटिमीटर कापली, या वेळी कागद गुंडाळून. आता बाजूने चार, खाली पाच, वर पाच सेंटिमीटर रुई बसते. एकूण अडीचशे ग्रॅम लागली. भरताना मुठीत धरून सोडली की हळूहळू परत फुलेल इतपतच दाबायची.

बाटली धुण्यासाठी बाहेर निघायला हवी. म्हणून जुन्या दिनदर्शिकेचे जाड कागद बाटलीवर सैलसर गुंडाळून नळी केली आणि रुई त्या नळीबाहेर भरली. बाटली आता आतबाहेर सरकते.

स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइलही लावून पाहिली. बाटलीवर घट्ट गुंडाळून वर रुई, असं केल्यावर फरक एका अंशाच्या आत. चकचकीत बाजूसमोर थोडी मोकळी हवा असेल तरच फॉइल उष्णता परतवते. रुईत दाबली की ती नुसता पत्रा. म्हणून नळीच्या आतल्या बाजूने लावली, बाटलीपासून दोन मिलिमीटर सुटी. यानेही जादू झाली नाही, पण राहू दिली.

खोली २२ अंश. भरताना ९२, चार तासांनी ६५, सहा तासांनी ५६, आठ तासांनी ४८. खोली दोन अंशांनी थंड होती, तरी गोधडीला दहाने मागे टाकलं. आजीला आकडा सांगितला. तिने विचारलं, “उशी कोनी शिवी?”

२४ डिसेंबर

तोच पाइप, तेच पाणी, चार तासांनी ४५. परवा ६५ होतं!

तासभर डोकं खाजवलं. थर्मामीटर परत बर्फात घालून पाहिलं, ते ठीक. शेवटी हात आत घातला तर बुडाची रुई ओली. बाटलीच्या झाकणातलं रबर नीट बसलं नव्हतं, आडवी ठेवल्यावर पाणी झिरपत खाली गेलं होतं. आणि वरची उशीही वाफेने दमट झाली होती. धाग्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की रुई संपली, कारण पाणी हवेपेक्षा वीसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं. डोळ्यांनी काही कळत नाही, वरून कापूस पांढराशुभ्रच दिसतो.

रुई काढून दोन दिवस धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात घातली. मग दुरुस्ती: दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून, इस्त्रीने कडा जोडल्या आणि कागदी नळीला आतून आणि बुडाशी अस्तर केलं. इस्त्री आणि पिशवी यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवायचं, नाहीतर माय ओरडते. उशीलाही पिशवीचंच खालचं अस्तर. झाकणाचं रबर बदललं, वीस रुपये.

सगळ्या प्रयोगात कापूस बरा की थर्माकोल यावर मी जेवढं डोकं चालवलं तेवढं तोंड आणि ओल यांवर चालवलं असतं तर आठवडाभर आधी झालं असतं.

२८ डिसेंबर, शनिवार

गव्हाचं दुसरं पाणी. या वेळी मीही मळ्यात गेलो, थर्मामीटर घेऊन.

आधी बाटलीत उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवलं, ओतलं आणि मग चहा भरला. थंड स्टील स्वतःच दोन-तीन अंश खातं, ते वाचतात. रात्री दहाला ९१. बाहेर ११ अंश. पाण्याच्या कडेला त्याहून थंड वाटत होतं, दांडातून चालताना पायाच्या बोटांची जाणीवच जाते.

दोन वाजता मोटर आपली चालू होती, आप्पा एक वाफा फोडून आले आणि बांधावर बसले. उघडला. वाफ आली! ६० अंश. आप्पांनी कपात ओतला, पहिला घोट घेतला आणि फुंकर मारली. गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांना फुंकर मारताना पाहिलं नव्हतं.

पण पहाटे पाचला उरलेला चहा फक्त ३६. दोनला निम्मी बाटली रिकामी झाली होती. आत निम्माच चहा, पण बाटलीची भिंत तेवढीच, म्हणून उरलेला दुप्पट वेगाने निवतो. वर उघडताना आत आलेली गार हवा. आणि चहाला किंचित आंबूस वास. दुधाचा चहा साठच्या खाली तासन् तास कोमट राहिला की नासायला लागतो. हा मुद्दा मी आधी धरलाच नव्हता. आप्पा पिणार होते, मी ओतून दिला.

५ जानेवारी, रविवार

बदल दोन. बाटलीत आता कोरा चहा जातो, साखर घालून, आणि दुधाच्या भुकटीची पुडी वेगळी. आप्पांना आवडला नाही, पण पितात.

दुसरा बदल म्हणजे पडण्याची परीक्षा. मुद्दाम ओसरीवरून, कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकला. खालची कॅप एका बाजूने चिरली. सोल्युशन लावून वर पाइपाच्या तुकड्याची पट्टी चिकटवली, रात्रभर ठेवलं. सकाळी मोजणी केली, चार तासांनी ६४. याच्यासाठीच तर सगळं केलं होतं.

हिशेब मांडला. आजवर गेलेले: बाटल्या ४८०, कॅप २३०, सोल्युशन ६०, थर्मामीटर २८०, फोम ४८०, रबर २०. एकूण १५५०. एवढ्यात बाजारातला चांगला थर्मास आला असता, आणि तो आठ तासांनीही माझ्या ४८ च्या बराच वर राहतो, हेही खरं. पण ज्याला आता पहिल्यापासून करायचंय त्याला बाटली २४०, कॅप १४०, सोल्युशन ६० आणि पाऊण किलो कापूस, तो फार तर पन्नासचा. पाचशेच्या आत. फोम आणि दुसरी बाटली हे माझ्या शिकवणीचे पैसे.

१८ जानेवारी

तिसरं पाणी. मी गेलो नाही, थर्मामीटर दिलं होतं. सकाळी विचारलं, पहाटेचा आकडा किती?

आप्पा म्हणाले, मोजलाच नाही. दोनला शेजारच्या मळ्यातल्या दोघांना हाक मारली आणि बाटली तिथेच संपवली. निम्मी ठेवली की निवते असं तूच म्हणाला होतास ना.

शेजारच्या काकांनी १६० चा आणखी एक तुकडा पाठवलाय, ३४ सेंटिमीटर कापून. वर निरोप, उशी आजीकडूनच शिवून हवी.